९६० मोठे की ७५०? लग्नाच्या एडिटिंगसाठी जुना गेमिंग लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकले असेल तर लगेच दिसेल. दारव्हा तालुक्यात राहता, लग्नाची शूटिंग घेता, एडिटिंग आजवर यवतमाळला दुसऱ्याकडे टाकत होता, आता ते घरीच करायचे आहे. एडियस हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर येते, प्रीमियर हे दुसरे शिकणे चालू आहे. समोर दोन जुन्या मशीन आहेत, दोन्ही बावीस हजारांच्या आतबाहेर. पहिला गेमिंग लॅपटॉप: आय-सेव्हन ६७००एचक्यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स ९६०एम ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. दुसरा डेस्कटॉप: आय-फाइव्ह ४५९०, १६ जीबी रॅम, जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी. तुमचे म्हणणे असे की ९६० हा आकडा ७५० पेक्षा मोठा, ४ जीबी ही २ जीबीच्या दुप्पट, मग लॅपटॉप डोळे झाकून उचलावा ना?

डोळे झाकून तर नाहीच. या दोन कार्डांत चिप एकच आहे. एनव्हिडियाची जीएम१०७. ती ७५० टीआय म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये डेस्कटॉपला आली आणि मार्च २०१५ मध्ये ९६०एम या नावाने लॅपटॉपात बसली. दोन्हींत ६४० क्युडा कोर, म्हणजे हिशोब करणारे बारीक भाग; दोन्हींची मेमरी बस, म्हणजे डेटा नेणारी वाट, १२८ बिट. कोरचा मूळ वेग ९६०एमचा १०९६ मेगाहर्ट्झ, ७५० टीआयचा १०२०. मेमरीचे उलटे आहे: ७५० टीआय सेकंदाला ८६ जीबी डेटा हलवते, ९६०एम ८० जीबी. इतक्या फरकावरून कोण पुढे, कोण मागे ठरवण्यात अर्थ नाही.

म्हणजे कार्डाचा मुद्दा इथेच जवळपास संपला. उरतो तो असा: एकाच ताकदीचे कार्ड पातळ डब्यातले घ्यायचे की मोठ्या डब्यातले, त्याच्या शेजारी प्रोसेसर कोणता आहे, आणि आपल्याकडची वीज नि आपल्याकडचे ऊन धरून ऐन सीझनमध्ये कोण काम देईल. माझे स्वतःचे मत या दोन्ही मशीन सोडून तिसरीकडेच जाते, पण तिथपर्यंत का जाते ते सांगतो, कारण तुम्हाला उद्या वेगळ्याच दोन मशीन दाखवल्या तरी हिशोब हाच लागेल.

आधी नावांचा घोळ. २०१५ च्या आसपास लॅपटॉपच्या कार्डामागे 'एम' लावत. विकणारा तो 'एम' बोलताना गिळतो आणि तुम्हाला ९६० ऐकू येते. खरे डेस्कटॉपचे ९६० जानेवारी २०१५ चे आहे, त्यात १०२४ कोर आहेत आणि चिपही वेगळी, जीएम२०६. म्हणजे एका अक्षराने जवळपास चाळीस टक्के कोर कमी झाले. वरच्या मॉडेलांतही तेच: ९७० ला १६६४ कोर तर ९७०एमला १२८०, ९८० ला २०४८ तर ९८०एमला १५३६. त्याआधीचे ८६०एम तर दोन वेगवेगळ्या चिपांवर निघाले, एकात ६४० कोर, दुसऱ्यात ११५२. नाव मात्र दोघांचे तेच. ९५०एममध्ये चिप ९६०एमचीच, पण वेग कमी आणि काही लॅपटॉपांत मेमरीही हळू चालणारी डीडीआर३. त्यामुळे त्या काळातल्या 'एम' कार्डाची डेस्कटॉपशी बरोबरी लावताना साधारण एक-दोन पायऱ्या खाली उतरून बघायचे, आणि नक्की करायचे तर चिपचे नाव बघायचे.

१० च्या मालिकेपासून हे बदलले. २०१६-१७ मध्ये आलेल्या या कार्डांच्या नावातून 'एम' गेला आणि तो उगीच गेला नाही. १०५० टीआयमध्ये लॅपटॉपला ७६८ आणि डेस्कटॉपलाही ७६८ कोर. १०६० च्या ६ जीबीवाल्यात दोन्हीकडे १२८०. १६५० मध्ये तर गंमतच आहे: डेस्कटॉपला ८९६ कोर आणि लॅपटॉपला १०२४. पण म्हणून लॅपटॉप पुढे गेला असे समजू नका. डेस्कटॉपच्या १६५० ला ७५ वॅट खायला मिळतात, लॅपटॉपवाल्याला साधारण ५०. कमी वीज म्हणजे कमी वेग, मग कोर जास्त असून फायदा पुसला जातो. २०१७ पासून 'मॅक्स-क्यू' नावाची लॅपटॉप कार्डे आली, त्यांत नाव मोठ्या कार्डाचे आणि वीज बरीच कमी. थोडक्यात, ९०० च्या मालिकेपर्यंत चिप तपासा, १० च्या मालिकेपासून वॅट तपासा.

आता ४ जीबीचा मुद्दा. इथे तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. प्रीमियरमध्ये ४के टाइमलाइनवर रंगाचे काम, ब्लर, झूम असे थर चढवत गेलात तर २ जीबी लवकर भरते. मग प्लेबॅक अडखळतो आणि कधीकधी एक्स्पोर्ट मध्येच एरर देऊन थांबतो. फुल एचडी, म्हणजे १०८० च्या व्हिडिओवर काम असेल तर २ जीबीत भागते. तेव्हा ४के करणार असाल तर ९६०एमच्या ४ जीबीला खरोखर किंमत आहे. पण मेमरी जास्त म्हणजे कार्ड वेगवान, असे गणित कुठेही लावू नका. बाजारात जीटी ७३० ४ जीबी म्हणून कार्ड फिरते, त्यातल्या ६४ बिट डीडीआर३ वाल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी. विहीर तुडुंब भरलेली आणि मोटरीला अर्धा इंची पाइप, असला प्रकार. २ जीबीचे ७५० टीआय त्याच्या कितीतरी पुढे राहते.

तुमच्या कामात कार्डापेक्षा महत्त्वाचे एक वेगळेच आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. लग्नाचे चार-पाच तासांचे फुटेज टाइमलाइनवर टाकले की मशीनची पहिली मेहनत इफेक्टवर होत नाही, ती फाइल उलगडण्यात होते. कॅमेऱ्याची फाइल दाबून बसवलेली असते, एच.२६४ मध्ये किंवा एच.२६५ मध्ये. ती उलगडायला प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सचा क्विक सिंक नावाचा भाग फार कामाचा आहे. एडियसचा जुन्या आवृत्त्यांपासूनचा भर याच क्विक सिंकवर. एडियसवाल्यांनी मोठे कार्ड घेतले आणि फरक काहीच पडला नाही, अशी तक्रार घेऊन माझ्या दुकानात येणारे नेहमीचे आहेत. कार्ड बिचारे रिकामेच बसलेले असते.

आता तुमच्या दोन मशीन या नजरेने बघा. जीएम१०७ चिपला एच.२६५ हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणजे ९६०एम आणि ७५० टीआय दोन्ही इथे बाद. मग भार जातो प्रोसेसरवर. डेस्कटॉपचा ४५९० हा चौथ्या पिढीचा, त्याचे क्विक सिंक एच.२६४ पर्यंतच. लॅपटॉपचा ६७००एचक्यू सहाव्या पिढीचा, तो ८ बिटचे एच.२६५ हार्डवेअरवर उलगडतो. शिवाय त्याला चार कोर आठ थ्रेड आहेत, ४५९० ला चार कोर चारच थ्रेड. तुमच्याकडे ड्रोनचे शॉट एच.२६५ मध्ये येत असतील तर कागदावर लॅपटॉप इथे सरळ जिंकतो. १० बिटचे एच.२६५ असेल तर सातवी पिढी लागते, आणि सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ सारख्या कॅमेऱ्यांत ४:२:२ दहा बिट, म्हणजे रंगाची जास्त माहिती धरणारी सेटिंग, लावून एच.२६५ मध्ये शूट केले तर इंटेलची अकरावी पिढी लागते. त्याखाली सगळे प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, करूनच. तुमचा कॅमेरा कोणता ते तुम्ही लिहिले नाही, आणि माझ्या उत्तरातला सर्वांत मोठा 'जर' हाच आहे. कॅमेरा जुना असेल, एच.२६४ आठ बिटच शूट करत असाल, तर दोन्ही मशीन १०८० ला बऱ्यापैकी चालतील.

याच कारणाने एक इशारा. चीनच्या मदरबोर्डवर झिऑन प्रोसेसर लावलेले स्वस्त डेस्कटॉप दाखवतात, आठ कोर, दहा कोर म्हणून. त्या ई५ मालिकेच्या झिऑनमध्ये इंटेल ग्राफिक्स नसते, म्हणजे क्विक सिंकही नाही. नावाला 'एफ' लागलेले ९४००एफ सारखे प्रोसेसरही तसेच. गेम खेळणाऱ्याला चालतील, एडियसवाल्याला नाही. आणि डेस्कटॉपला वेगळे कार्ड लावले की पुष्कळ मदरबोर्ड आतले इंटेल ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये जाऊन 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा तशा नावाचा पर्याय चालू करावा लागतो, मग विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाकावा लागतो. एवढे केले की तीच मशीन वेगळी वाटू लागते. कार्ड बदलायच्या आधी हे करून बघा, फुकट आहे.

आतापर्यंतच्या हिशोबात लॅपटॉप पुढे आहे. पण हा हिशोब एसी खोलीतला झाला.

आपला सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो हे खरे, पण खरी गर्दी एप्रिल-मेची. दिवसाला ४४-४५ अंश, टिनाच्या खोलीत त्याहून वर. कोणताही पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त चिप आणि हवा यांतला फरक धरून ठेवतो. डिसेंबरात २५ अंशाच्या खोलीत ७८ वर चालणारी चिप ४२ च्या खोलीत ९५ ला जाते. प्रोसेसर त्या सुमारास स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. गेमिंग लॅपटॉपात बहुतेक वेळा प्रोसेसर आणि कार्ड यांचा तांब्याचा पाइप सामायिक असतो, म्हणून एक तापला की दुसऱ्यालाही झळ लागते. ६७००एचक्यूचा कागदावरचा वेग ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत; मे महिन्याच्या दुपारी एक्स्पोर्ट लावल्यावर तो २ च्या आसपास रेंगाळताना मी बघितला आहे. तोच लॅपटॉप, तीच फाइल, रात्री गच्चीवरच्या खोलीत लावली की लवकर निघते.

त्यात आपल्याकडचा कापूस. माझे दुकान जिनिंगच्या रस्त्यावर आहे, त्यामुळे हे रोजचे आहे. लॅपटॉप खालून उघडला की वरवर सगळे स्वच्छ दिसते. पंख्याचे चार स्क्रू काढून पंखा बाजूला केला की पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत करड्या रंगाची पट्टी दिसते, जाड, दाबून बसलेली. सरकीचा भुगा, कापसाचे तंतू, धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकटपणा यांचा तो नमदा. चिमट्याने एका टोकाला धरला की अखंड निघतो. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. तो काढून, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की तापमान दहा-पंधरा अंश सहज उतरते. तुमचे गाव जिनिंगपासून लांब असेल, पण घरात वेचणीचा कापूस साठवत असाल तर हिशोब सारखाच. डेस्कटॉपला हेच काम बाजूचे झाकण काढून ब्लोअरने पाच मिनिटांत होते. फक्त मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.

कूलरबद्दल विचारणार हे माहीत आहे, सगळेच विचारतात. आपल्याकडची मेची हवा इतकी कोरडी असते की कूलर खोली चांगली उतरवतो, आणि खोली उतरली की मशीनही उतरते. लावा खुशाल. फक्त कूलरचा झोत सरळ मशीनवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले की बोर्डावर पांढरे क्षार धरतात आणि पहिल्या पावसात, हवा दमट झाली की, शॉर्टिंग होते. मशीन कूलरच्या आडव्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

विजेच्या बाबतीत लॅपटॉपला पुन्हा गुण द्यावे लागतात. त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. संध्याकाळी शेतातल्या मोटरी सुरू झाल्या आणि घरचा दिवा पिवळा पडला तरी त्याला फरक पडत नाही. लाइन गेली तरी काम सेव्ह करायला बॅटरी असते. मात्र बॅटरीवर असताना कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही, आणि २०१५-१६ च्या लॅपटॉपची मूळ बॅटरी आज नावालाच उरलेली असते. म्हणजे 'लाइन गेल्यावरही एडिटिंग' हे स्वप्न या वयाच्या लॅपटॉपकडून बघू नका. त्याचा उपयोग बंद पडण्याआधीच्या काही मिनिटांचा.

डेस्कटॉपला यूपीएस लागतोच, तो खर्च किमतीत धरा. तुम्हाला दाखवलेला डेस्कटॉप मॉनिटरसकट कामाच्या वेळी दीडशे वॅटच्या आसपास खाईल. ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-अवर; कागदावर अर्धा तास, प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटे. घरी इन्व्हर्टर असेल तर डेस्कटॉप त्यावर घ्या, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर काही तास आरामात जातात. इन्व्हर्टर साइन वेव्हवाला हवा. स्क्वेअर वेव्हवर काही एसएमपीएस, म्हणजे डब्यातले वीज पुरवणारे भाग, कुरकुरतात. आणि अर्थिंग तपासून घ्या. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. खड्ड्यात पाणी घालत जा. कार्ड जळण्याची कारणे शोधत नागपूरपर्यंत जाणाऱ्यांच्या घरी बरेचदा दुखणे अंगणातच असते.

आता ज्या मुद्द्यावर माझे पारडे डेस्कटॉपकडे झुकते तो: बिघाड. लॅपटॉपचे ग्राफिक्स बोर्डवर पक्के बसवलेले असते. चिप आणि बोर्ड यांच्यामध्ये शेकडो बारीक डागाचे ठिपके असतात. तापणे आणि निवणे, तापणे आणि निवणे, यात ते ठिपके थकतात आणि तडकतात. हे काही माझे तर्कट नाही. २००८ मध्ये खुद्द एनव्हिडियाने लॅपटॉप चिपांच्या अशाच बिघाडांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचे जाहीर केले होते. पुढच्या चिपा त्यापेक्षा बऱ्या निघाल्या, पण दहा वर्षे तापलेला बोर्ड तो तापलेलाच. तो गेला की नागपूरला सीताबर्डीत चिप-लेव्हलवाल्याकडे पाठवा, रिबॉलिंग करा, म्हणजे चिप काढून नव्या डागाने बसवून घ्या, नाहीतर बोर्ड बदला. ऐन सीझनमध्ये आठ-पंधरा दिवस मशीन नाही, आणि खर्च लॅपटॉपच्या निम्म्यावर. हीट गनने भाजून 'चालू करून दिले' असे कोणी म्हणाले तर ते काही आठवड्यांचे असते. डेस्कटॉपचे कार्ड गेले तर स्क्रू काढून दुसरे लावता येते, आणि तोवर मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडून इंटेल ग्राफिक्सवर काम चालू ठेवता येते. ज्याने लग्नाची तारीख घेऊन आगाऊ रक्कम उचललेली आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दोन्ही मशीनची एक सामायिक अडचणही आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते. चौथी आणि सहावी, दोन्ही त्यात बसत नाहीत. जुगाड करून टाकता येते, पण धंद्याच्या मशीनवर मी टाकत नाही. कार्डांचेही तसेच: ७५० टीआयसह ९०० आणि १० च्या मालिकांना ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाचे नेहमीचे नवे ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. आजचे काम अडणार नाही. प्रीमियरच्या पुढच्या आवृत्त्या मात्र नवे ड्रायव्हर मागतील तेव्हा इथे दार बंद असेल.

म्हणून माझा सल्ला तिसरा. ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप बाजारात भरपूर आहेत, आय-फाइव्ह ८४०० किंवा ८५०० वाले. सहा कोर, विंडोज ११ चालते, आणि त्यातले यूएचडी ६३० ग्राफिक्स १० बिटचे एच.२६५ सुद्धा उलगडते. १६ जीबी रॅम, सिस्टिमला एसएसडी आणि फुटेजला वेगळी हार्ड डिस्क. सुरुवातीला कार्ड घेऊच नका. एडियसवर एक-दोन लग्ने काढा. प्रीमियरमध्ये रंगाच्या कामाला अडखळू लागले की मग कार्डाचे पैसे घाला. तोवर पहिल्या लग्नाचे पैसे हातात आलेले असतील.

ते कार्ड निवडताना या ऑफिसवाल्या डब्यांची एक खोड लक्षात ठेवा. लहान, आडव्या डब्यात एसएमपीएस १८० ते २४० वॅटचा असतो, कार्डाला वेगळी वीज देणारी सहा पिनांची केबल त्यात नसते, आणि कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असल्याने बाजारातला एसएमपीएस बसत नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, तेवढ्यावर चालणारे आणि बुटके, म्हणजे लो-प्रोफाइल, कार्डच हवे. १०५० टीआय ४ जीबी किंवा १६५० यांची तशी मॉडेल मिळतात. दोन्हींत मला १६५० बरे वाटते, कारण त्याचे ड्रायव्हर अजून चालू आहेत. उभा, टॉवर डबा मिळाला तर तोच घ्या, हवा खेळती राहते. जीटी १०३० स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. एक्स्पोर्टला मदत करणारा एनकोडर त्यात मुळातच नाही. आणि तुमचा मॉनिटर जुना व्हीजीएवाला असेल तर या कार्डांना एचडीएमआयचा कन्व्हर्टर लागेल.

तरीही लॅपटॉपच घ्यायचा असे एक कारण असू शकते: मांडवातच काम. काही ठिकाणी सकाळच्या हळदीचे शॉट रात्रीच्या रिसेप्शनला पडद्यावर मागतात. तुमचे तसे काम नेहमीचे असेल तर डेस्कटॉप निरुपयोगी, मग हा ६७००एचक्यूवाला बघायला हरकत नाही. पण नुसता डेटा उतरवायला लॅपटॉप हवा असेल तर त्यासाठी कोणताही साधा चालेल.

बघायला जाल तेव्हा एवढे करा. स्वतःचे फुटेज पेन ड्राइव्हवर न्या, विकणाऱ्याच्या गाण्यांच्या व्हिडिओवर विश्वास नको. जीपीयू-झेड हा छोटा फुकट प्रोग्रॅम चालवा; त्यात चिपचे नाव, कोर, बस, मेमरीचा प्रकार एका खिडकीत दिसतो. जुने फर्मी पिढीचे कार्ड १०५० टीआय म्हणून रंगवून विकण्याचा धंदा जोरात चालला होता, तसे असेल तर हा प्रोग्रॅम नावापुढे फेक लिहितो. १०५० टीआयला व्हीजीएचे निळे भोक दिसले तरी शंका घ्या. मग एक्स्पोर्ट लावून वीस मिनिटे तरी बसा, तापमान आणि वेग दोन्ही बघत. थंड मशीनवर सगळे छानच दिसते. पडद्यावरच्या रेघा, काळे होणे, बंद पडणे हे तापल्यावर. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा: डोलत असेल किंवा टचपॅड वर उचललेला असेल तर बॅटरी फुगली आहे. अडॅप्टरवरचा आकडा वाचा. ९६०एमवाल्यांबरोबर १२० ते १३५ वॅटचे अडॅप्टर येत. ९० चा दिला असेल तर मशीन दमतच चालणार. डेस्कटॉपचे कार्ड एकदा काढून हातात घ्या आणि पंखा बोटाने फिरवून बघा. अडत असेल, डगमगत असेल तर भाव पाडा. ज्यांना मोठी कार्डे दाखवतात, आरएक्स ५७०, ५८०, १०६० वगैरे, त्यांनी ती मायनिंगमधून, म्हणजे डिजिटल चलन कमावायला रात्रंदिवस चालवलेल्या मशीनमधून, आलेली असू शकतात हे धरून चालावे. इथेरियमचे मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर अशी कार्डे ढिगाने बाजारात आली. ती लगेच मरतात असे नाही, पण पंखे आणि पेस्ट बदलण्याचा खर्च धरा. आणि ५८० ला एकट्याला १८५ वॅट लागतात, ते आपल्या यूपीएसला परवडत नाही.

तर भाऊ, घरीच बसून काम आणि बजेट हेच असेल तर आठव्या पिढीचा टॉवर, कार्ड नंतर. ते मिळतच नसेल आणि दोनच पर्याय असतील, तर ड्रोन किंवा एच.२६५ नसेल तेव्हा डेस्कटॉप आणि यूपीएस, पण भाव पाडून, कारण चौथ्या पिढीच्या मशीनला तेवढे पैसे जास्तच होतात. एच.२६५ असेल तर लॅपटॉप, पण घेतल्या दिवशी उघडून साफसफाई आणि पेस्ट, आणि मेमध्ये एक्स्पोर्ट रात्री. कॅमेऱ्याचे मॉडेल आणि त्यातली रेकॉर्डिंगची सेटिंग कळवा. १० बिट ४:२:२ निघाले तर वरचा सगळा हिशोब अकराव्या पिढीपासून पुन्हा मांडावा लागेल.